आयडिया राहू द्या, आधी तारीख बघा

"ताई, मला पण बाहेर येऊन रिसर्च करायचाय, फंडिंगचं कसं असतं?" असा मेसेज आला की मी हल्ली उलट एकच विचारते, पीएचडीची डिग्री कधी हातात पडली? आणि डॉक्टर असशील तर रेसिडेन्सी कधी संपली? समोरच्याला वाटतं ही विषय टाळतेय, कारण त्याला त्याची भन्नाट आयडिया सांगायची असते, कुठला बायोमार्कर, कुठलं मॉडेल, आणि मी बसलेय तारखा विचारत. पण इकडे ब्रिटनमध्ये आल्यावर आणि अमेरिकेतल्या मैत्रिणींचे अर्ज जवळून बघितल्यावर माझं तरी पक्कं मत झालंय की तरुण मेडिकल रिसर्चरचा पैसा आयडियाच्या आधी दोनच गोष्टींवर अडतो, तारीख आणि पासपोर्ट. आयडिया वाचायला कोणी घेईल तेव्हा घेईल, त्याच्या आधीच चाळणी लागलेली असते.

तारखेचं बघा. अमेरिकेच्या एनआयएचची, म्हणजे मेडिकल रिसर्चला पैसे देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेची, के-99/आर-00 नावाची स्कीम आहे, 2006 पासून चालू आहे, आणि पोस्टडॉकांच्या, म्हणजे पीएचडीनंतर दुसऱ्याच्या लॅबमध्ये रिसर्च करणाऱ्यांच्या जगात तिच्याएवढा भाव दुसऱ्या कशाला क्वचितच असेल. पहिली जास्तीत जास्त 2 वर्षं मेंटॉरच्या हाताखाली, मग स्वतःची फॅकल्टीची नोकरी मिळाली की पुढची 3 वर्षं वर्षाला 2 लाख 49 हजार डॉलरपर्यंत पैसे तुमच्या नावावर. म्हणजे मुलाखतीला जाताना तुम्ही रिकाम्या हाताने जात नाही, पैसे घेऊन जाता, विद्यापीठांना ते फार आवडतं. पण अट अशी की अर्ज करताना पोस्टडॉकची 4 वर्षं उलटून गेलेली नकोत. 4 वर्षं ऐकायला खूप वाटतात हो. पहिलं वर्ष परवानग्या, ट्रेनिंग आणि नवीन लॅबचं राजकारण समजण्यात जातं, दुसऱ्या वर्षी उंदरांची कॉलनी उभी राहते किंवा एथिक्स कमिटीची मंजुरी येते, तिसऱ्या वर्षी डेटा दिसायला लागतो, पेपर जातो, रिव्ह्यूअर आणखी दोन प्रयोग मागतो, आणि पेपर हातात येईपर्यंत चौथं वर्ष निम्मं सरलेलं असतं, त्यात के-99 चा अर्ज एकदा परत आला तर सुधारून पुन्हा टाकायला काही महिने आणखी हवेत. म्हणून हुशार लोक पेपरची वाट बघत बसत नाहीत, दुसऱ्या वर्षीच लिहायला घेतात.

युरोपात पण हेच, आकडे तेवढे वेगळे. युरोपियन युनियनच्या मेरी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपला पीएचडीनंतर 8 वर्षांपर्यंतच अर्ज करता येतो. युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या स्टार्टिंग ग्रँटलाही पीएचडीच्या तारखेपासून मोजलेल्या वर्षांची खिडकी असते, आणि तिथे रक्कम 5 वर्षांसाठी 15 लाख युरोपर्यंत जाते. ब्रिटनमध्ये वेलकम या रिसर्चला पैसे देणाऱ्या खाजगी संस्थेचा अर्ली करिअर अवॉर्ड, त्यात पगार वेगळा आणि रिसर्चच्या खर्चाला 4 लाख पौंडांपर्यंत. याउलट इथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने फेलोशिपसाठी वर्षं मोजणं सोडून दिलंय, तुम्ही त्या टप्प्यावर पोचलात का एवढंच बघतात. मला हे जास्त पटतं, कारण डॉक्टर माणसाची निम्मी वर्षं वॉर्डात जातात आणि वर्षं मोजणाऱ्याला ती दिसत नाहीत.

आणि हो, बऱ्याच ठिकाणी हे घड्याळ थांबवता येतं आणि आपल्या मुली ते मागतच नाहीत, काय गंमत आहे बघा. एनआयएच बाळंतपणासाठी एक वर्ष वाढवून देतं, युरोपियन रिसर्च कौन्सिल प्रत्येक मुलामागे खिडकी वाढवतं, आजारपण, घरातल्यांची देखभाल, क्लिनिकल ट्रेनिंग, सगळ्याची सोय असते, फक्त कागद जोडून मागावं लागतं. ब्रिटनमध्ये तर डॅफ्ने जॅक्सन ट्रस्ट खास अशाच लोकांसाठी आहे ज्यांचं घर, मुलं किंवा तब्येतीपायी रिसर्च 2 वर्षं किंवा जास्त सुटलंय. अर्धवेळ काम करत परत येता येतं. डॅफ्ने जॅक्सन ही ब्रिटनमधली पहिली महिला फिजिक्स प्रोफेसर, पण फेलोशिप फक्त फिजिक्सवाल्यांना नाही, बायोमेडिकलवाल्यांनाही आहे. हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतेय.

आता पासपोर्ट. अमेरिकेत एफ-32 ही पोस्टडॉक फेलोशिप, के-08 आणि के-23 हे डॉक्टर-रिसर्चरांसाठीचे अवॉर्ड, या तिन्हींना नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड लागतं. म्हणजे जे-1 किंवा एच-1बी व्हिसावरचा आपला एमडी झालेला माणूस, ज्याच्यासाठी के-23 अगदी मापाचा आहे, 75 टक्के वेळ रिसर्चला राखून मिळतो, तो अर्जच करू शकत नाही. के-99 ला ही अट नाही, म्हणून व्हिसावरचे सगळे तिकडेच पळतात आणि तिथे ही गर्दी. विभागातली माणसं, म्हणजे प्रोफेसर वगैरे, बहुतेक वेळा स्वतः नागरिक असतात, त्यांना हे माहीत असेलच असं नाही, "अरे एफ-32 टाक की" असं सहज सांगून मोकळे होतात. नियमाचं पान स्वतः वाचा. शिवाय 2025 मध्ये एनआयएचने चालू असलेल्या शेकडो ग्रँट मधेच बंद केल्या, तेव्हा सगळी आशा एकट्या अमेरिकेवर ठेवू नका असं मी हल्ली स्पष्टच सांगते.

वेलकम पासपोर्ट विचारत नाही, उलट व्हिसाचा आणि आरोग्य सरचार्जचा खर्चसुद्धा ग्रँटमध्ये मागू देतं, आणि अशी मोठी फेलोशिप मिळाली की ब्रिटनच्या ग्लोबल टॅलेंट व्हिसाचा रस्ता बराच सोपा होतो, मग नोकरी बदलली तरी दर वेळी नवीन स्पॉन्सर शोधत बसायला नको. मेरी क्युरीची तर उलटीच गंमत आहे. तिथे नियम असा की ज्या देशात जायचंय तिथे गेल्या 36 महिन्यांत तुम्ही 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत. म्हणजे जो दोन वर्षं जर्मनीत पोस्टडॉक करतोय तो जर्मनीतल्या संस्थेसाठी बाद, त्याला शेजारच्या देशात बघावं लागणार, आणि भारतात बसलेला माणूस मात्र युरोपातल्या जवळपास कुठल्याही लॅबसोबत अर्ज करू शकतो. "आधी कसंही करून बाहेर जातो, मग फेलोशिप बघू" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. गर्दी अफाट आहे हेही खरं, 2025 च्या फेरीत 17 हजारांवर अर्ज आले होते.

चाळणीतून पुढे गेलात की मग आयडिया, आणि तिथेही प्रश्न आयडिया चांगली का असा नसतो, आयडिया तुझी का बॉसची असा असतो. अमेरिकन अर्जात स्पेसिफिक एम्सचं, म्हणजे नेमकी काय उद्दिष्टं आहेत याचं एक पान असतं, एकच पान, आणि माझ्या मते अख्ख्या अर्जाचं भवितव्य त्या पानावर ठरतं. मी जे चांगलं पान पहिल्यांदा नीट वाचलं ते एका सिनियरचं होतं, तिने मला तिचे सगळे ड्राफ्ट दाखवले. पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिला परिच्छेद आजार जगात किती पसरलाय यावर खर्च झालेला, आपण सगळे लिहितो तसाच. शेवटच्या ड्राफ्टमध्ये तो दोन ओळींवर आलेला, आणि तिसऱ्याच ओळीत काय माहीत नाहीये हे थेट लिहिलेलं. आधीच्या ड्राफ्टमध्ये दुसरा एम पहिल्यावर टेकलेला होता, म्हणजे पहिला फसला की दुसरा आपोआप मेला, शेजारी लाल पेनाने कोणीतरी लिहिलेलं, "आणि हे नाही चाललं तर?" शेवटी दोन्ही एम आपापल्या पायावर उभे होते. असे मंजूर झालेले आणि नापास झालेले दोन्ही अर्ज मागून वाचायला मिळणं, बाहेर असण्याचा खरा फायदा मला हा वाटतो, मशिनं वगैरे आता सगळीकडे आहेत. भारतात बसूनही मागता येतात, ओळखीच्या माणसाला एक साधा ईमेल टाकायला काही लागत नाही, फार तर नाही म्हणेल.

ब्रिटनमध्ये त्यात नॅरेटिव्ह सीव्हीची भर. पेपरांची लांबलचक यादी, इम्पॅक्ट फॅक्टर, एच-इंडेक्स असले पेपर आणि जर्नल जोखायचे आकडे, यातलं काही नको, तुम्ही ज्ञानात काय भर घातली, कोणाला घडवलं, हे वाक्यांत लिहा म्हणतात. आपल्याला यादी करायची इतकी सवय असते की "मी हे केलं" असं लिहिताना हात अडखळतो, सगळीकडे "आम्ही" येतं, आणि पॅनेलला "आम्ही" मधून तुम्ही कोण ते कळतच नाही. इंटरव्ह्यूच्या आधी विभागात मॉक घेतात, त्यात आपल्या विषयाचे सोडून सगळे बसतात, एक स्टॅटिस्टिक्सवाला, एक सर्जन, एक बॅक्टेरियावाला. स्टॅटिस्टिक्सवाला नमुन्याचा आकडा कुठून आणला विचारतो, सर्जन विचारतो पेशंटला याचा काय उपयोग, आणि कोणीतरी हमखास विचारतंच, "तुझ्या बॉसने उद्या हाच विषय करायचा ठरवला तर?" याचं उत्तर बॉसशी आधीच बोलून ठरवलेलं पाहिजे, कुठला विषय मी घेऊन जाणार आणि कुठला त्यांच्याकडे राहणार, लेखी असेल तर उत्तमच. अवघड बोलणं आहे, पण टाळलं की पॅनेलसमोर चेहऱ्यावर दिसतं.

अजून एक, फंडिंग देणाऱ्या संस्थेत माणसं असतात आणि ती उत्तरं देतात. एनआयएचमध्ये प्रोग्रॅम ऑफिसर म्हणून एक माणूस त्याच कामासाठी बसलेला असतो. एम्सचं पान जोडून, डेडलाइनच्या दोन महिने आधी, हे तुमच्या इन्स्टिट्यूटमध्ये बसतं का एवढंच विचारायचं. साहेबांना कसं विचारू, असा संकोच आपल्यात खोलवर असतो, इथे मात्र न विचारणाऱ्याचं नुकसान होतं, कारण एनआयएचच्या आत बऱ्याच वेगवेगळ्या इन्स्टिट्यूट आहेत, एकच अर्ज एका इन्स्टिट्यूटला नको असतो आणि दुसरीला हवा असतो.

छोट्या पैशांकडे नाक मुरडू नका. कंपनी ऑफ बायोलॉजिस्ट्सची ट्रॅव्हलिंग फेलोशिप दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन एखादी टेक्निक शिकण्यापुरते पैसे देते. अकॅडमी ऑफ मेडिकल सायन्सेसची स्टार्टर ग्रँट क्लिनिकल लेक्चररना 30 हजार पौंडांपर्यंत देते, एवढ्यात पायलट डेटा निघतो. मोठ्या पॅनेलला रक्कम दिसत नाही, याच्या नावावर आधी कोणीतरी पैसे ठेवलेत आणि याने ते नीट वापरलेत हे दिसतं.

परत जायचं असेल तर तेही आत्तापासून बघा. वेलकमचा अर्ली करिअर अवॉर्ड भारतातल्या संस्थेत नेता येत नाही, त्याच्यासाठी 2008 पासून डीबीटी, म्हणजे भारत सरकारचा बायोटेक्नॉलॉजी विभाग, आणि वेलकमची मिळून इंडिया अलायन्स आहे, तिच्याकडे डॉक्टरांसाठी आणि पब्लिक हेल्थवाल्यांसाठी वेगळ्या फेलोशिप असतात. डीबीटीची रामलिंगस्वामी री-एन्ट्री फेलोशिप 5 वर्षांची, बाहेरून परतणाऱ्यांसाठीच आहे. रिसर्चला पैसे देणारी सरकारी संस्था एसईआरबी जाऊन तिच्या जागी आता एएनआरएफ आलंय, त्यांची प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर ग्रँट 60 लाखांपर्यंत जाते पण ती रेग्युलर पोस्टवर नव्याने लागलेल्यांना, म्हणजे आधी नोकरी मग ग्रँट, आणि वयाची अट साधारण 42. इकडे घड्याळ पीएचडीपासून चालतं, तिकडे जन्मतारखेपासून. उशिरा पीएचडी केलेल्या डॉक्टरला युरोपात अजून बरीच वर्षं हातात असतात आणि त्याच वेळी भारतात दार बंद व्हायला आलेलं असतं, त्यामुळे अशा माणसाने भारतातला अर्ज आधी टाकावा, युरोपचा नंतर.