जागतिक विद्यापीठ सायकलिंग स्पर्धा: नावनोंदणीपासून शेवटच्या फेरीपर्यंत

या स्पर्धेला स्वतःहून नाव देता येत नाही, हे आधी सांगते. सायकलिंगच्या बऱ्याच शर्यतींना आपण फॉर्म भरतो, फी भरतो आणि नंबर घेऊन उभे राहतो. इथे तसे नाही. स्पर्धा आंतरराष्ट्रीय विद्यापीठ क्रीडा महासंघाची, म्हणजे फिसूची आहे. आपले नाव आधी विद्यापीठाकडून देशाच्या विद्यापीठ क्रीडा संघटनेकडे जाते आणि तिथून फिसूकडे. फिसूच्या मोठ्या बहुक्रीडा स्पर्धा विषम वर्षी होतात, तर एकेका खेळाच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सम वर्षी. सायकलिंगची स्पर्धा 2016 साली फिलिपिन्समधल्या तागायताय इथे आणि 2018 साली पोर्तुगालमधल्या ब्रागा इथे झाली होती. यजमान शहर दर वेळी बदलते, म्हणून रस्ता ओळखीचा असण्याची शक्यता जवळजवळ नसते.

पात्रतेचे नियम मोजकेच आहेत, पण त्यांत सवलत नाही. स्पर्धेच्या वर्षी 31 डिसेंबरला वय 18 ते 25 च्या दरम्यान असावे लागते. शिवाय तुम्ही त्या वेळी विद्यार्थी असायला हवे किंवा आदल्याच वर्षी पदवी घेतलेली हवी. स्पर्धेच्या ठिकाणी पोचल्यावर पासपोर्ट आणि शिक्षणाचे कागद पुन्हा तपासले जातात, तेव्हा विद्यापीठाचा शिक्का, सही आणि नावाचे स्पेलिंग पासपोर्टाशी तंतोतंत जुळले पाहिजे. माझ्या प्रमाणपत्रावर मधले नाव गळले होते. निघण्यापूर्वीच ते लक्षात आल्याने कार्यालयातून नवे करून घेता आले. परीक्षेची तारीख पुढे ढकलण्याचा अर्ज, विभागप्रमुखांची सही, विमा, व्हिसा ही कामेही याच काळात उरकली. त्यांबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही, फक्त प्रत्येक कागदाची प्रत जवळ असू द्या.

औषधांबद्दल मात्र थांबून सांगायला हवे, कारण विद्यार्थी खेळाडूंना याची माहिती फार उशिरा मिळते आणि मला त्याची खरोखर काळजी वाटते. सर्दीवरच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते. शर्यतीच्या काळात लघवीत त्याचे प्रमाण मिलिलिटरला 150 मायक्रोग्रॅमच्या वर गेले, तर तो उत्तेजकाचा गुन्हा ठरतो. संघातल्या एकीला दमा होता. साल्ब्युटामॉलच्या इनहेलरला परवानगी असते, पण 24 तासांत 1600 मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही 8 तासांत 600 हीच मर्यादा. तिने डॉक्टरांकडून मात्रा लिहून घेतली होती. नमुना देताना अधिकारी गेल्या सात दिवसांतली औषधे आणि पूरके विचारतात, म्हणून आम्ही सगळ्यांनीच वहीत रोजची नोंद ठेवली.

सायकल खोक्यात भरणे हे शांतपणे, दिवसाउजेडी करायचे काम आहे. डावे पेडल उलट्या आट्यांचे असते, ते मागच्या बाजूला फिरवले की सुटते. मागचा गिअर हँगरवरून, म्हणजे तो ज्या छोट्या धातूच्या तुकड्यावर बसतो त्यावरून, सोडून, फडक्यात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधला, कारण प्रवासात धक्का बसला तर आधी हँगरच वाकतो. चाके काढली की डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लॅस्टिकची पट्टी घालायची. ती नसताना चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड चिकटून बसतात आणि चाक परत बसत नाही. गिअरची लिथियम बॅटरी हातातल्या बॅगेत घेतली. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, काढण्यापूर्वी तिच्यावर चिकटपट्टीने खूण करून ठेवली, त्यामुळे तिथे बसण्याची उंची शोधत बसावे लागले नाही.

टाइम ट्रायलच्या, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायच्या शर्यतीच्या, आधी पंच सायकल तपासतात. वजन 6.8 किलोपेक्षा कमी चालत नाही, हा आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघाचा, म्हणजे यूसीआयचा नियम. हँडलबारची पोहोच आणि सीटचा उतार मोजतात. मोज्यांची उंचीसुद्धा पाहतात, घोटा आणि गुडघा यांच्या मध्याच्या वर मोजा गेलेला चालत नाही. मला हे सारे आवडले. श्रीमंत संघाची महागडी सायकल आणि माझी सायकल एकाच साच्यासमोर उभ्या राहतात, मोजपट्टी दोघींना तीच लागते.

टाइम ट्रायलमध्ये ठरलेल्या अंतराने एकेकीला सोडतात. सुरुवातीच्या मंचावर मागून एक जण सायकल धरतो, दोन्ही पाय पेडलमध्ये अडकवलेले असतात आणि समोर घड्याळ चालू असते. उशिरा आलेल्या खेळाडूसाठी घड्याळ थांबत नाही, तिची वेळ ठरल्या क्षणापासूनच मोजली जाते. मागून कोणी गाठले तर वारा चुकवायला तिच्या मागे लपता येत नाही. बाजूने दोन मीटर सोडायचे आणि पुढे 25 मीटरचे अंतर ठेवायचे. मी सुरुवातीला जोर राखून ठेवला आणि वाऱ्याच्या विरुद्ध येणाऱ्या भागात तो वापरला. वारा पाठीशी असताना जास्त ताकद लावून मिळणारा वेळ थोडा असतो, वाऱ्याविरुद्ध तीच ताकद अधिक सेकंद वाचवते. माझी वेळ मला अपेक्षित होती तेवढी आली.

खरी शर्यत रोड रेसची, म्हणजे सगळ्यांनी एकत्र सुटायच्या शर्यतीची, आणि मला लिहायचे होते ते तिच्याबद्दलच. एकट्याने तास न् तास सायकल चालवून पाय तयार होतात, पण जथ्यात चालवणे वेगळे शिकावे लागते. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो, म्हणून पुढच्या चाकामागे राहणारी खूप ताकद वाचवते. ती वाचवायची असेल तर समोरचे चाक हातभर अंतरावर आणि दोन्ही बाजूंना कोपरे हे सहन करता आले पाहिजे. आम्ही त्याचा सराव मैदानातल्या गवतावर केला होता: दोघींनी शेजारी हळू चालवायचे, खांद्याला खांदा टेकवायचा आणि तोल सावरायचा. पडले तरी गवतावरच पडायचे.

सरांनी एकच सूचना वारंवार दिली होती. "पुढच्या चाकाकडे बघत बसू नकोस गं, त्याच्यापुढच्या तिघींच्या पाठीकडे बघ." त्याचा अर्थ पहिल्या फेरीत कळला. वळणाआधी सगळा जथा आवळतो, पुढच्या दहा-पंधरा जणी एका वेगाने वळण घेतात आणि मागच्यांना ब्रेक दाबावा लागतो. वळणानंतर पुढच्या निघून गेलेल्या असतात आणि मागच्यांना पूर्ण जोर लावून ते अंतर भरून काढावे लागते. प्रत्येक वळणावर हेच. शर्यतीच्या शेवटी ज्या दमून सुटतात, त्यांतल्या बऱ्याच जणी चढावर नाही, या वळणांवर दमलेल्या असतात. म्हणून पुढे सरकायचे ते वळणाच्या बरेच आधी, रस्ता रुंद असताना, वाऱ्याच्या आडोशाने. वळण दिसल्यावर जागा कोणी देत नाही.

उतारावर दांड्यावर बसून वाकणे 2021 पासून यूसीआयने बंद केले आहे, त्यामुळे तिथेही सीटवर नीट बसून उतरावे लागते. मला ते बरे वाटले, इतक्या जवळजवळ असताना एकीचा तोल गेला की दहा जणी पडतात. मी दर तासाला 60 ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट पोटात जाईल अशी बाटली आणि जेल आधीच वाटून ठेवले होते आणि भूक लागण्याची वाट न बघता घेत गेले. बाटली फेकायची ती नेमलेल्या पट्ट्यातच, बाहेर फेकली तर दंड.

फेऱ्यांच्या मार्गावर पुढचा जथा एक पूर्ण फेरी पुढे गेला की मागे पडलेल्यांना बाहेर काढतात, निकालात त्यांच्यापुढे शर्यत अपूर्ण असे लागते. ज्या तिथवर लढल्या त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. आमची एक मैत्रीण अशीच थांबवली गेली आणि थांबल्यावर तिने पहिले काम केले ते आम्हाला कुठल्या वळणावर वारा कुठून येतो ते ओरडून सांगण्याचे.

शेवटच्या फेरीत मी पुढच्या वीसांत होते. चढाच्या पायथ्याला वेग वाढला तेव्हा मला जागा होती, चाक हातचे सुटले नाही आणि माथ्यावर मी मुख्य जथ्यातच होते. पुढे चार जणी निसटल्या, त्यांच्यामागे जाण्याइतका जोर माझ्यात उरला नव्हता. मागच्या जथ्याच्या स्प्रिंटमध्ये मी उजवीकडच्या कठड्याच्या बाजूने वेग घेतला आणि मुख्य जथ्याबरोबर, त्यांच्याच वेळेत रेषा ओलांडली.