रजिस्टरमधली एक ओळ

जांभ्या दगडाच्या चिरेखाणीवरचं डिझेल चोरल्याच्या गुन्ह्यात तो मुलगा आमच्या निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना अल्पवयीन मुलांना ठेवतात तिथे, आला, तेव्हा बाल न्याय मंडळाने त्याला पाहूनच वय सोळाच्या आसपास नोंदवलं होतं. नंतर बापाने आधार कार्ड आणलं. जन्मतारीख १ जानेवारी, आणि हिशेबाने वय एकोणीस! तारीख ठाऊक नसली की १ जानेवारी टाकतात, हे खाणीवरच्या कुटुंबांची कार्डं पाहिली की कळतं. पण तीच धरली तर पोरगा सज्ञान ठरतो आणि खटला मोठ्यांच्या कोर्टात जातो.

२०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९४मध्ये क्रम स्पष्ट आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायतीचा वा नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधार या यादीत नाही. तरी पोलीस आधी हाडांकडेच वळतात, कारण शाळा शोधण्यापेक्षा सिव्हिलला नेणं सोपं. तपासणीतलं वय मात्र अंदाजाचंच असतं. याची मला चीड येते.

इथे मुलं कधी जामिनावर जातील सांगता येत नाही, म्हणून मी शिकवायला घेतलेला प्रत्येक धडा त्याच दिवशी पुरा करावा लागतो. याला मराठी अक्षरं येत होती, शब्द जुळत नव्हते. घरी लमाणी, खाणीवर कन्नड. मग घनफळ चिऱ्यावरच घेतलं. चौदा बाय नऊ बाय सात इंच म्हणजे ८८२ घनइंच. एका घनफुटात १७२८ घनइंच, ब्रास शंभर घनफुटांचा. ब्रासला चिरे किती? साधारण १९६. त्याने स्वतः मांडून काढलं. पट्टी शून्यापासून धरायला कुणी शिकवलं, असं विचारलं तर म्हणाला, ‘वाडीवरच्या शाळेतल्या गुरुजींनी.’

शाळा राजापूर तालुक्यातली, पटाअभावी बंद झालेली. अशा शाळेचं दप्तर शेजारच्या शाळेत जातं; आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी ते शोधून दिलं. आडनावाच्या जागी बापाचं नाव असल्याने नोंद आधी सापडेना. अशा वेळी नुसतं बोनाफाईड घेऊ नये. शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांच्या रजिस्टरचा, म्हणजे प्रवेश निर्गम उताराच घ्यावा: रजिस्टर नंबर, प्रवेशाची तारीख, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, सही, शिक्का. मूळ रजिस्टरही मंडळापुढे यायला हवं. तिथले मुख्याध्यापक ते कापडात गुंडाळून स्वतः एसटीने घेऊन आले. अशी माणसं खात्यात आहेत म्हणून आमचं काम चालतं.

मंडळाने नोंद मान्य केली. सोळा पूर्ण. जामीनही झाला.

त्याच ओळीत शेवटच्या रकान्यात होतं: ‘तिसरी, सतत गैरहजर, नाव कमी.’ कुटुंब पुढच्या खाणीवर गेलं होतं, एवढंच. स्थलांतरित मुलांना नव्या गावच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी कार्ड असतं. याला ते कुणी दिलं नाही. नाव कमी करताना पोर कुठे गेलं हे न विचारणाऱ्या शिक्षकाला मी निष्काळजीच म्हणेन.

आता शिक्षणहक्क कायद्याची चौदाची मर्यादा उलटून गेली. दहावीला बाहेरून बसण्याच्या सतरा नंबर फॉर्मला किमान पाचवी पास लागते. उरतो रस्ता मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवीचा. त्याचा अर्ज मी बापाच्या सहीने भरून घेतला आहे. पण पावसात खाण बंद झाली की कुटुंब कर्नाटकात विजयपुराकडे जाईल. परीक्षेला तो कोकणात असेल का, हे बापाने पुढच्या हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, कुठल्या खाणीवरून घेतली त्यावर ठरणार.