नकाशात सगळ्यात मोठा नळ

ऑस्ट्रेलियात पर्थला येऊन टीचिंगचा कोर्स घेतला तेव्हा टाइमटेबलवर ‘हॅस’ असं लिहिलेलं. ह्युमॅनिटीज अँड सोशल सायन्सेसचा शॉर्टफॉर्म, म्हणजे आपलंच इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्र, जोडीला थोडं अर्थशास्त्र. मी आपल्याकडे चौथीला सहा वर्षं शिवछत्रपती शिकवलेलं, अफझलखान आला की मागच्या बाकावरची पोरं पण पुढे सरकायची. त्यामुळे मनात म्हटलं हा पेपर तर खिशात आहे आपल्या. मग प्लेसमेंट, म्हणजे शाळेतला सराव, मिळाली प्री-प्रायमरीला. पाच वर्षांची पोरं, वाचता येत नाही, ‘काल आपण झूला जाणार’ असं बिनधास्त बोलणारी. यांना कसल्या सनावळ्या सांगणार, डोंबल!

पहिल्या दिवशी मी ऑस्ट्रेलियाचा भला मोठा लॅमिनेट केलेला नकाशा घेऊन गेले, मॅटवर पसरला, बोट ठेवून सांगितलं की आपण इथे राहतो. एकाने विचारलं, ‘मग माझं घर कुठंय?’ आता काय दाखवणार, सगळं पर्थच एका ठिपक्यात. दोन मिनिटांत निम्मी पोरं बुटांचे वेल्क्रो उघड-बंद करायला लागली, तो आवाज अजून कानात आहे माझ्या. माझी मेंटर टीचर काही बोलली नाही, फक्त म्हणाली उद्या नकाशा घरी ठेव आणि ये.

दुसऱ्या दिवशी तिने प्रत्येकाला एक बूट काढायला लावला, जमिनीवर ठेवायला लावला आणि उभं राहून वरून बघा म्हणाली. मग कप, मग बादली. कप वरून गोल दिसतो आणि कान एका बाजूला चिकटलेला, हे पोरांना एवढं भारी वाटलं की तासभर तेच चाललं होतं. वरून बघणं म्हणजे नकाशा, ही गोष्ट मला स्वतःला तरी कुणी अशी कधी सांगितली नव्हती, आम्ही डायरेक्ट जिल्ह्याच्या सीमा पाठ केल्या. मग सगळ्यांना घेऊन शाळेच्या आवारात चक्कर, परत येऊन लाकडी ठोकळ्यांनी तेच आवार मांडायचं, आणि त्यानंतर कुठे कागद. एका पोराने नळ काढला शाळेच्या इमारतीपेक्षा मोठा. मी असते तर प्रमाण चुकलं म्हणून लाल पेन काढलं असतं. मेंटरने विचारलं, ‘नळ एवढा मोठा का रे?’ तर म्हणे, ‘मी तिथे सगळ्यात जास्त वेळा जातो.’ प्रमाण आहेच की मग, फक्त मीटरचं नाही.

तेव्हा मला आपल्या बालशिक्षणातल्या ताराबाई मोडक आठवल्या. 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच पोरांच्या अंगणात नेली, पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणशाळा काढली. डीएडला हे दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं हो मी. पर्थमधल्या एका नळाजवळ उभं राहिल्यावर कळलं की त्या बाई काय सांगत होत्या.

इतिहासाचं तर विचारूच नका. मी फॅमिली ट्रीचा छान प्रिंटेड कागद करून नेलेला, आई-बाबा-आजी-आजोबांच्या चौकटीसकट. मेंटर म्हणाली वर्गात एक मूल फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे दुसऱ्या कुटुंबाच्या सांभाळात आहे, एकाला दोन मम्मी आहेत, तुझ्या चौकटीत ते कुठे बसणार? गप्प बसले. त्याऐवजी आम्ही घरी निरोप दिला, ‘तुम्ही आधी लहान होतात याचा पुरावा घेऊन या.’ कुणी मोजे आणले, कुणी चावलेली रबरी जिराफ, कुणी हॉस्पिटलचा मनगटावरचा पट्टा. एक मुलगा हात हलवत आला, घरं बदलता बदलता त्यांचं सगळं कुठेकुठे राहून गेलं होतं, हे नंतर कळलं. त्याची पाळी आली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्याने शांतपणे पँट वर केली आणि गुडघ्यावरचा व्रण दाखवला.

झालं, पुढची वीस मिनिटं वर्गभर व्रण. पण मेंटरने तिथे सोडलं नाही, तिने विचारलं की तू पडलास ते तुला आठवतंय का? ‘नाही, मम्मी सांगते.’ लगेच दुसरी म्हणाली, ‘मम्मी पण विसरू शकते.’ आपल्याकडे सहावीच्या पुस्तकात इतिहासाची साधनं असा धडा आहे ना, भौतिक, लिखित, मौखिक? इथे मोजा, पट्टा आणि मम्मी. आणि मौखिक साधन तपासून घ्यावं लागतं हे पाच वर्षांच्या पोरीने सांगितलं, मी तर ही तिन्ही साधनं अर्थासकट घोकून घ्यायचे.

नागरिकशास्त्रात मात्र मीच विद्यार्थी होते. इथे मतदान सक्तीचं, केंद्राच्या निवडणुकीत 1924 पासून, बहुतेक वेळा शाळांमध्येच बूथ, बाहेर सॉसेज भाजणं चालू, त्याला लोक डेमोक्रसी सॉसेज म्हणतात. आणि मतं द्यायची ती पसंतीक्रमाने, एक, दोन, तीन. हे मला नवऱ्याने दोनदा समजावलं, डोक्यावरून गेलं. वर्गात गांडुळांच्या खोक्याला नाव द्यायचं होतं, तीन नावं उभी. 19 पोरं, पहिल्या फेरीत 8, 6 आणि 5. 8 वाले नाचायला लागले. पण निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नाहीत, म्हणून सगळ्यात कमीवालं तिसरं नाव बाद, त्या पाच जणांना विचारलं की आता तुम्ही कुठे उभे राहणार? चार इकडे, एक तिकडे, आणि 6 वाले 10 झाले, नाचणारे 9 वर रडायला लागले. दहा मिनिटं भयंकर आरडाओरडा, पण मला सिस्टीम समजली. हरलेल्यांचं काय करायचं यावर पण मॅटवर चर्चा झाली, शेवटी ठरलं की खाऊ घालायचं काम आठवडाभर त्यांचं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. 21 मार्चला इथे हार्मनी डे असतो, आणि आपण भारतीय दिसलो की लगेच साडी नेसून यायची फर्माईश. मी गेले नेसून. पोरांनी पाच मिनिटं बघितलं आणि पुढचा वर्षभराचा भारत संपला. दुसऱ्यांचं जगणं म्हणजे कपडे आणि खाणं एवढंच मुलांच्या डोक्यात बसत असेल तर त्यापेक्षा न शिकवलेलं बरं, असं माझं मत.

त्याच्या उलट ऋतूंचं. पर्थ ही वाजुक नूंगार या इथल्या मूळ रहिवाशांची जमीन, वर्गाची सुरुवात ‘काया’ म्हणजे नमस्कारने होते. त्यांचे ऋतू सहा आहेत, चार नाही! बिराक, बुनुरू, जेरान, माकुरू, जिल्बा, कंबारांग, साधारण दोन-दोन महिन्यांचे. मी उडालेच, आपलेही सहाच की. आणि तारखेवर नाही, तर काय फुललं, वारा कुठून आला, कुठला पक्षी काय करतोय यावर ओळखायचे. पोरं रोज खिडकीतून बघून भिंतीवरच्या लांब कागदावर नोंद करायची. जून-जुलै म्हणजे माकुरू, थंडी आणि पाऊस, काळे हंस जोड्या जमवायला लागतात.

त्याच जूनमध्ये आईचा फोन, मृग कोरडा चाललाय म्हणून. मी मॅटवर सांगितलं की माझ्या आईकडे पावसाची नक्षत्रं असतात आणि दर नक्षत्राला वाहन असतं, पाऊस कधी बेडकावर बसून येतो, कधी म्हशीवर, कधी उंदरावर, आणि पंचांगात ते छापलेलं असतं. वर्ग एकदम शांत. मग सगळ्यांना आपापल्या पावसाचं वाहन काढायचं होतं. मेंटरने एवढंच बघितलं की ते कागद नूंगार ऋतूंच्या भिंतीवर लागू नयेत, ती त्यांची विद्या आहे, आपण त्यात भर घालायची नाही. तर दुसऱ्या भिंतीवर लावले. डिगरवर, म्हणजे आपल्या जेसीबीवर बसलेला पाऊस, कुत्र्यावर बसलेला पाऊस, आणि नळवाल्या पोराचा काळ्या हंसावर.

फोटो आईला पाठवला. तिचा लगेच व्हॉइस मेसेज, ‘हंसावर किती पडतो गं तुमच्याकडे?’