फोर बाय फाइव्ह कॅमेरा आणि खिरेश्वरची वाट

हरिश्चंद्रगडावर मोठ्या फॉरमॅटचा कॅमेरा न्यायचे ठरवले तेव्हा वाटेविषयी मी तिघांना विचारले होते. तिघांनीही एकाच सुरात सांगितले की खिरेश्वरची वाट सोपी आहे, तोलार खिंडीनंतर थोडा कातळ लागतो, पण तिथे रेलिंग आहे आणि लहान मुलेसुद्धा चढतात. तिघांपैकी एकानेही पाठीवर सोळा किलोंची सॅक आणि तिच्या कुशीला बांधलेला ट्रायपॉड घेऊन तो कातळ चढलेला नव्हता, हे मला कातळावर लटकल्यावर कळले. ज्यांना ४×५ इंची शीट फिल्मवर कोकणकड्याचे कृष्णधवल छायाचित्र घ्यायचे आहे त्यांनी गडाच्या दुसऱ्या बाजूच्या पाचनई गावाहून जावे. पुढचे सगळे वाचायला वेळ नसेल तर एवढेच लक्षात ठेवले तरी चालेल.

वजनाचा हिशेब असा होता. लाकडी फोल्डिंग कॅमेरा दीड किलो, १५० आणि ९० मिलिमीटरच्या दोन लेन्स मिळून एक किलो, शीट फिल्म भरायचे सहा होल्डर सव्वा किलो, ट्रायपॉड त्याच्या डोक्यासह तीन किलो, आणि उजेड मोजायचा स्पॉट मीटर, भिंग, काळे कापड, फिल्टर, केबल रिलीज व फिल्म बदलण्याची काळी पिशवी मिळून दीड किलो. उरलेले पाणी, स्लीपिंग बॅग आणि थंडीचे कपडे. हे ओझे सपाटीवर जाणवत नाही आणि खिंडीपर्यंतच्या जंगलातही निभावते. गैरसोय वजनापेक्षा आकाराची आहे, कारण ट्रायपॉड सॅकच्या वर हातभर निघतो आणि पाठीवरच्या माणसाला त्याचा पत्ता नसतो.

तोलार खिंडीत वाघोबाचे शिल्प आहे, तिथे बसून आम्ही पाणी प्यायलो. त्यानंतरचा कातळटप्पा रिकाम्या पाठीने पंधरा मिनिटांचा असेल; मला पन्नास मिनिटे लागली. पावठ्या आहेत, रेलिंगही आहे, पण पावसाळ्यानंतर वाळलेल्या शेवाळ्यावर मातीची पूड बसलेली असते आणि बूट तिच्यावरून सरकतो. अर्ध्यावर ट्रायपॉडचा एक पाय रेलिंगच्या उभ्या दांड्यात अडकला. मी वर जायला जोर लावतो आहे आणि मागून कोणीतरी सॅक धरून ठेवली आहे, असे चार-पाच वेळा झाले, आणि अडकलेले काय ते मान वळवून बघताही येईना. शेवटी खालून येणाऱ्या मित्राने तो पाय सोडवला, त्या झटक्याने मी पुढे कातळावर आपटलो, आणि छातीशी बांधलेल्या पिशवीतून काच तडकल्याचा आवाज आला. ग्राउंड ग्लासचा, म्हणजे कॅमेऱ्यामागच्या ज्या दुधी काचेवर चित्र बघून फोकस करतात तिचा, एक कोपरा गेला होता. मधला भाग शाबूत राहिला म्हणून पुढचे दोन दिवस काम झाले, नाहीतर एवढे ओझे वर नेऊन नुसते देवदर्शन करून परतावे लागले असते.

या अनुभवावरून सांगतो. ग्राउंड ग्लास कपड्यांच्या घडीत, सॅकच्या मधोमध ठेवावी, आणि घासून दुधी केलेल्या ॲक्रिलिकचा त्याच मापाचा एक तुकडा सोबत असावा. त्याला वजन म्हणावे असे काही नसते. खिरेश्वरहूनच जाणे भाग असेल तर दहा मीटर दोरी न्यावी, कातळाखाली सॅक आणि ट्रायपॉड वेगळे करावेत, आधी माणसाने चढावे आणि मग सामान ओढून घ्यावे. लहान मुले चढतात हे खरेच आहे, कारण लहान मुलांच्या पाठीवर ट्रायपॉड नसतो. एका मित्राने मला सॅम्युएल बोर्न या इंग्रज छायाचित्रकाराचे उदाहरण देऊन धीर दिला होता की त्याने १८६६ साली काचेच्या प्लेटा घेऊन हिमालयातल्या १८,६०० फुटांवरच्या मणिरंग खिंडीतून छायाचित्रे आणली. आणली खरी, पण त्याच्यामागे हमालांची रांग होती आणि माझ्यामागे एकच मित्र, तोही ट्रायपॉडला शिव्या देणारा.

कातळ संपल्यावर वाट संपली असे समजू नये. पठारावर एकामागून एक टेकड्यांचे चढ-उतार आहेत, आणि दमलेल्या माणसाला प्रत्येक टेकडीमागे गडावरचे देऊळ आहे असे वाटत राहते. त्या मानाने पाचनईची वाट दोन-अडीच तासांत देवळापाशी सोडते, हे मला परतताना त्याच वाटेने उतरल्यावर समजले आणि तेव्हा खरा राग आला.

आता कोकणकड्याविषयी. तिथला सूर्यास्त सगळे सांगतात आणि तीही माझ्या लेखी दिशाभूलच आहे. रंगीत छायाचित्रासाठी तो असेल चांगला. कृष्णधवल शीटवर समोरून येणाऱ्या उन्हात कोकणाकडचा सगळा भाग नुसता पांढरट धुरळा होऊन येतो. त्याहून मोठा शत्रू वारा आहे. दिवसभर तापलेल्या कोकणातली हवा दुपारनंतर कड्याच्या पोटातून वर उसळते, इतकी की काठावरून सोडलेले वाळके पान खाली न जाता डोक्यावरून मागे उडून जाते. मोठ्या फॉरमॅटच्या कॅमेऱ्याचा भाता, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधला घड्यांचा पडदा, म्हणजे अशा वाऱ्यात शीड असते. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी चार शीट खर्च केल्या, ट्रायपॉडला सॅक टांगली, मित्राला काळे कापड धरून आडोशाला उभे केले, आणि तरीही चारही निगेटिव्ह हललेल्या निघाल्या. प्रक्रियेचा खर्च धरून मला एक शीट तीनशे रुपयांच्या आसपास पडते, म्हणजे त्या संध्याकाळचे बाराशे रुपये वाऱ्यावर गेले.

खरी वेळ सकाळची आहे. डिसेंबरमध्ये सात वाजता उजाडते, आणि कडा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे त्याची भिंत बराच वेळ सावलीत राहते. वारा पडलेला असतो आणि उजेड सगळीकडे सारखा असतो. पावणेसातला काठापासून तीन मीटर मागे ट्रायपॉड रोवावा. त्याहून पुढे जायचे कारणच नसते, कारण कॅमेरा न वाकवता पुढची लेन्स खाली सरकवली की कड्याची खोली चौकटीत येते आणि भिंतीच्या उभ्या रेषाही सरळ राहतात. एवढ्या एका सोयीसाठी हे धूड वर न्यायचे. मी मात्र हुशारी करून पुढच्या गवतापासून दूरच्या नाफता डोंगरापर्यंत सगळे स्पष्ट यावे म्हणून लेन्स दोन अंश पुढे झुकवली, आणि उभ्या भिंतीचा वरचा काठ मऊ झाला. चौकटीत उभा कडा असेल तर लेन्स झुकवू नये, एफ ३२ पर्यंत छिद्र बारीक करावे आणि गप्प बसावे.

काळ्या कापडाखाली भिंगाला डोळा लावला की त्या थंडीत श्वासाने काच धुरकट होते. श्वास रोखून बघायचे, तोंड बाजूला करून सोडायचे, पुन्हा बघायचे. तडकलेल्या कोपऱ्यातून आकाशाची एक तिरपी चीर खाली लोंबत होती आणि सगळे कोकण डोक्यावर उलटे टांगलेले होते. चहा घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना बघायचे होते म्हणून कापडाखाली घेतले. बराच वेळ आतून काही आवाज आला नाही, मग म्हणाले, “समदं उलटंच हाय की वो. ह्ये सरळ कवा व्हतंय?” धुलाईच्या वेळी, असे मी सांगितले, ते त्यांना पटले नाही.

एक्स्पोजरमधली माझी चूक इतरांनी करू नये म्हणून आकड्यांसह लिहितो. एफपी४ प्लस फिल्म, सावलीतला कातळ मीटरने मोजून तिसऱ्या झोनमध्ये, म्हणजे तपशील दिसेल अशा गडद छटेत, बसवला, तेव्हा एफ २२ ला दोन सेकंद आले. नारिंगी फिल्टरचे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) धरून आठ सेकंद, आणि लांब एक्स्पोजरमध्ये फिल्म मंदावते त्याची भरपाई धरून चौदा सेकंद. हिशेब बरोबर होता, तरीही सावल्या पातळ आल्या, कारण सावलीतल्या कातळावर पडणारा उजेड निळ्या आकाशाचा असतो आणि नारिंगी फिल्टर नेमका तोच अडवतो. दोन स्टॉपचा नियम उन्हातल्या वस्तूंना लागू पडतो. सावलीला आणखी एक स्टॉप द्यावा, किंवा पिवळ्या फिल्टरवर भागवावे. फिल्टरने कोरडा धुरकटपणा कापला जातो, दरीतले धुके कापले जात नाही. धुके असेल तर फिल्टर काढून ठेवावा आणि धुक्याचेच छायाचित्र घ्यावे. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याला याच कड्यावरून गोल इंद्रधनुष्य दिसल्याची नोंद आहे. आम्हाला ते दिसले नाही, आणि कृष्णधवल फिल्मवर त्याचा उपयोगही नव्हता.

होल्डरमधली फिल्म रात्री तंबूत काळ्या पिशवीत बदलली. तंबूतली माती बारीक असते, म्हणून हात ओल्या फडक्याने पुसून, पिशवी आतून बाहेर उलटून झटकावी आणि मगच होल्डर आत घालावेत. शीटच्या काठावरची खाच उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात लागली की इमल्शनची, म्हणजे चित्र उमटते ती, बाजू आपल्याकडे असते, हे अंधारात बोटांना पाठ हवे. फोटो घेतल्यावर डार्क स्लाइड, म्हणजे होल्डरचे सरकते झाकण, काळी बाजू बाहेर करून घालायची, म्हणजे ती शीट वापरलेली आहे हे कळते, हेही पाठ हवे. मी दमून एकदा पांढरीच ठेवली आणि एका शीटवर केदारेश्वराच्या गुहेतला खांब व तारामती शिखराचा माथा असे दोन्ही एकदम मिळवले. दुसरा अख्खा दिवस देवळाच्या परिसरात निवांत गेला, पिठले-भाकरी उत्तम होती, त्यावर लिहिण्यासारखे काही नाही. शनिवारी मात्र जाऊ नये. काठावर इतके तंबू पडतात की सकाळी ट्रायपॉडला जागा मिळवण्यासाठी लोकांना झोपेतून उठवावे लागते.

पाचनईला उतरण्यात एक अडचण आहे, गाडी खिरेश्वरला असेल तर डोंगराला लांबचा वळसा पडतो. खाली भेटलेल्या जीपवाल्याने आमच्या पेट्या बघून पाच हजार मागितले, “यात काच आहे ना, हळू न्यावं लागेल” हे कारण सांगितले, आणि तासाभराच्या घासाघिशीनंतर साडेतीनवर आला. त्याच दिवशी दुसऱ्या एका गटाला त्याने अडीच हजारांत नेल्याचे वाटेत त्याच्याच तोंडून ऐकले. तेव्हा गाडी पाचनईलाच लावावी आणि त्याच वाटेने परत यावे. ते जमत नसेल तर जीपचे भाडे निघण्यापूर्वी फोनवर ठरवावे आणि पेट्यांचा विषय काढू नये.

बारा शीटपैकी चार वाऱ्याने गेल्या, एक दुहेरी झाली, दोन पातळ आल्या आणि एकीचा काठ मऊ निघाला. उरलेल्या चारपैकी एक, धुक्यातून फक्त नाफत्याचे टोक वर आलेली, मी सोळा बाय वीस इंचांत छापली आहे.