धर्माचा रकाना

शिरगणतीच्या कामाला शिक्षकांना जुंपतात, तशी मलाही एकदा जुंपली होती. खांद्याला पिशवी, हातात पॅड, काळ्या शाईचं पेन आणि दारोदार तेच प्रश्न. नाव, वय, लग्न झालंय का, शिक्षण किती. याची उत्तरं लोक उभ्याउभ्या देतात. धर्माच्या रकान्याशी मात्र एका दारात मी चांगली दहा मिनिटं अडकले.

समोर साठी ओलांडलेले गृहस्थ. "धर्म?" विचारलं तर म्हणाले, "लिहा तुम्हीच काहीतरी." म्हटलं, तसं नाही चालत, तुम्ही सांगाल तेच लिहायचं. प्रशिक्षणात हे आम्हाला बजावलेलंच होतं: वाद घालायचा नाही, सुचवायचं नाही, समोरचा सांगेल ते उतरवून घ्यायचं. गृहस्थ विचारात पडले. "मी देव मानत नाही. ही मानते. पोरगा म्हणेल, बाबांचं लिहा तेच माझं." मग मान आत वळवून त्यांनी हाक मारली, "अगं, धर्म काय लिहायचा आपला?"

आतून प्रश्नच आला. "मागच्या वेळी काय लिहिलं होतं?"

आम्ही दोघंही हसलो, त्यांनी जे सांगितलं ते मी लिहिलं आणि पुढच्या दाराकडे वळले. त्या बाईंचा प्रश्न मात्र माझ्या मागे लागला तो लागलाच.

मी इतिहास शिकवायचे. पाठ्यपुस्तकात कुठलंही धर्मयुद्ध आलं की माझं एक ठेवणीतलं वाक्य असायचं: "मुलांनो, धर्म हे निमित्त. खरी भांडणं जमिनीची आणि सत्तेची." वाक्य टाळीबाज आहे आणि परीक्षेतही चालतं. निवृत्तीनंतर सवडीने वाचायला लागले तेव्हा ते हळूहळू उसवत गेलं. पहिला टाका निघाला तो लोझानच्या करारामुळे.

३० जानेवारी १९२३. पहिल्या महायुद्धानंतर ग्रीस आणि तुर्कस्तान आपसात लढले, ग्रीस हरला. सप्टेंबर १९२२ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचं स्मिर्ना शहर जळून खाक झालं होतं आणि लाखो माणसं आधीच जीव मुठीत धरून पळाली होती. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात दोन्ही देशांनी लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. त्याचं पहिलं कलम मी कितीदा वाचलं असेल. तुर्कस्तानात राहणारे ग्रीक ऑर्थोडॉक्स (म्हणजे ख्रिस्ती) धर्माचे तुर्की नागरिक आणि ग्रीसमध्ये राहणारे मुस्लिम धर्माचे ग्रीक नागरिक यांची १ मे १९२३ पासून सक्तीने अदलाबदल होईल. त्यात भाषेचा उल्लेख नाही. कोण स्वतःला काय म्हणवतो, याचाही नाही. धर्म तेवढा लिहिला आहे.

आता याचा अर्थ जमिनीवर काय झाला ते बघा. अनातोलियाच्या, म्हणजे आशियातल्या तुर्कस्तानच्या, मध्यभागी, कप्पाडोकियाच्या आसपास, करामानली नावाचे ख्रिस्ती लोक राहायचे. त्यांची घरातली भाषा तुर्की, प्रार्थनेची पुस्तकं तुर्कीत, कबरीवर कोरलेला मजकूरही तुर्कीच, फक्त लिपी ग्रीक. म्हणजे अक्षरं बघून ग्रीक माणूस वाचायला जाईल आणि एक शब्द कळणार नाही. हे लोक 'ग्रीक' ठरून ग्रीसमध्ये पाठवले गेले. उलट बाजूला क्रीट बेटावरचे मुसलमान. त्यांची बोली क्रीटची ग्रीक, गाणी ग्रीक. ते 'तुर्क' ठरले आणि जहाजातून उतरल्यावर बरेचजण आयवलिकसारख्या गावांत, नुकत्याच गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या रिकाम्या घरांत राहायला गेले. पश्चिम मॅसिडोनियातल्या ग्रीक बोलणाऱ्या मुसलमानांना तर 'वल्लाहादेस' असं नाव पडलं होतं. का, तर 'वल्लाही' ही शपथ सोडली तर त्यांना मुसलमानी बोलीतलं दुसरं काही येत नाही, अशी शेजाऱ्यांची थट्टा. तेही गेले.

आधी पळालेले धरून सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ग्रीसमध्ये आले आणि साडेतीन ते चार लाख मुसलमान तुर्कस्तानात गेले. नव्या देशात स्वागत कसं झालं? ग्रीसमध्ये आलेल्यांना स्थानिक लोक 'तुर्काचं बी' म्हणायचे. क्रीटहून तुर्कस्तानात गेलेल्यांना 'अर्धा काफिर' म्हणत.

लोझानच्या त्या परिषदेत ब्रिटिशांचे मुख्य प्रतिनिधी होते लॉर्ड कर्झन. हो, तेच. १९०५ मध्ये बंगालची फाळणी करणारे. हा उपाय वाईट आहे, जगाला याची किंमत पुढची शंभर वर्षं मोजावी लागेल, अशा अर्थाचं ते तिथे बोलले. बोलले आणि करार झाला. बंगालवर रेघ ओढणाऱ्या माणसाला असं बोलावंसं वाटलं, याचं मला हसू येतं आणि रागही येतो.

त्याहून मोठी गंमत अंकारातल्या नव्या तुर्की सरकारची. मार्च १९२४ मध्ये त्यांनी खिलाफत बरखास्त केली. धर्माला राज्यकारभारातून बाहेर काढणारं सरकार म्हणून आपण त्याचं कौतुक वर्गात शिकवतो. नेमक्या त्याच काळात, धर्म बघून निवडलेली माणसं जहाजांत भरली जात होती. नवं राष्ट्र उभं करताना 'तुर्क कोण' याची यादी हवी होती, आणि तयार यादी एकच होती. ऑटोमन दफ्तरातली. तिथे शतकानुशतकं प्रजा मिल्लतीप्रमाणे, म्हणजे धर्मसमाजाप्रमाणे, मोजली जायची. ऑर्थोडॉक्स माणूस मग तो ग्रीक बोलो, अरबी बोलो की बल्गेरियन, 'रूम' मिल्लतीत.

मागच्या वेळी काय लिहिलं होतं?

त्याच दफ्तराचा एक किस्सा तर मला एखाद्या खेडेगावच्या तमाशासारखा वाटतो. १८७० मध्ये सुलतानाने फर्मान काढून बल्गेरियनांना वेगळी चर्चव्यवस्था दिली. त्यात एक कलम होतं: एखाद्या भागातल्या दोन तृतीयांश लोकांनी मागितलं तर तो भाग नव्या व्यवस्थेत जाऊ शकेल. झालं. मॅसिडोनियातल्या गावागावांत ओढाताण सुरू झाली. उपासना तीच, सण तेच, श्रद्धेत तसूभर फरक नाही. पण जो कॉन्स्टँटिनोपलच्या मुख्य धर्मगुरूला मानेल तो ग्रीक आणि जो नव्या चर्चमध्ये जाईल तो बल्गेरियन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावरून सशस्त्र टोळ्या गावांत शिरत होत्या, पाद्री आणि शिक्षक मारले जात होते. आणि १८७२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने काय केलं होतं? वंशावरून चर्च वेगळं काढणं हेच पाखंड ठरवलं होतं. म्हणजे धर्माने राष्ट्रवादाला चक्क धर्मबाह्य ठरवलं. ऐकलं कुणीच नाही.

बोस्नियाबद्दल लिहिताना मला देवनागरीची अडचण येते. बोस्निया तेव्हा ज्याचा भाग होता त्या युगोस्लाव्हियात १९७१ च्या शिरगणतीत 'मुस्लिम' हे राष्ट्रीयत्व म्हणून नोंदवता येत होतं. पहिलं अक्षर मोठं लिहिलं तर ते राष्ट्रीयत्व, लहान लिहिलं तर धर्म. त्यामुळे एखादा पक्का नास्तिक कम्युनिस्ट मोठ्या अक्षराचा मुस्लिम असू शकायचा, आणि कोसोव्होतला नमाजी अल्बेनियन फक्त लहान अक्षराचा. आपल्या लिपीत लहानमोठी अक्षरंच नाहीत, त्यामुळे तो फरक मला इथे लिहूनही दाखवता येत नाही. तिथली माणसं पूर्ण राष्ट्रीयत्व त्या एका अक्षराच्या उंचीवर तोलून जगत होती.

त्याच बोस्नियात १९९१ च्या शिरगणतीत सुमारे साडेपाच टक्के लोकांनी स्वतःला 'युगोस्लाव्ह' लिहून घेतलं होतं. आईबाप दोन जातकुळींचे, किंवा ज्यांना ती विभागणीच नको होती, असे बरेचजण त्यात असणार. पुढच्याच वर्षी युद्ध पेटलं. साडेतीन वर्षांत एक लाखाच्या आसपास माणसं मेली, आणि बोलायला सगळ्यांची भाषा एकच होती. तू युगोस्लाव्ह म्हणून लिहिलंस, असं नाक्यावर कुणी बघत बसत नव्हतं; माणसाचं नाव विचारलं की घराण्याचा धर्म कळायचा, आणि तेवढं पुरायचं. १९९५ मध्ये तह झाला तेव्हा घटनेतच लिहिलं गेलं: बोस्नियाक (म्हणजे ते मोठ्या अक्षराचे मुस्लिम), क्रोएट, सर्ब, आणि 'इतर'. राष्ट्राध्यक्षपदावर तिघं, तिन्ही गटांतला एकेक. इतरांनी उभंच राहायचं नाही. देर्वो सेजदिच हे रोमा (जिप्सी) आणि याकोब फिंची हे ज्यू, असे दोन नागरिक यावर युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले आणि २००९ मध्ये जिंकले. निकालाला दहा वर्षं उलटली तरी घटना तशीच होती. ज्या रकान्यांवरून कत्तली झाल्या, तेच रकाने तहात पक्क्या शाईने लिहिले गेले. तह करणाऱ्यांना दोष तरी कसा द्यावा? लढणारे त्याच रकान्यांतून टेबलावर येऊन बसले होते.

'धर्म हे निमित्त' हे वाक्य मी ज्या धड्यात सगळ्यात जोरात म्हणायचे तो युरोपातल्या कॅथलिक-प्रोटेस्टंटांच्या तीस वर्षांच्या युद्धाचा. कॅथलिक फ्रान्सचा कारभार कार्डिनल रिशेल्यू बघतो, म्हणजे लाल टोपीचा धर्मगुरूच, आणि १६३१ मध्ये तो प्रोटेस्टंट स्वीडनच्या राजाला लढायला पैसे देतो. कशासाठी? कॅथलिक सम्राटाला आवरायला. एवढं सांगितलं की वर्ग हसायचा आणि माझं काम झालेलं असायचं. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मग बाई, गावातले लोक कशासाठी मरत होते?" मी "पुढे बघू" म्हणून फळा पुसला. ते 'पुढे' कधी आलंच नाही. आता वाटतं, तिला निदान १६४८ चा तह तरी नीट सांगायला हवा होता. भांडण मिटवायला त्यांनी एक तारीख धरली: १ जानेवारी १६२४. त्या दिवशी जे चर्च ज्या पंथाकडे होतं ते त्याचंच राहील. जर्मनीतल्या ओस्नाब्रुकमध्ये तर एकदा कॅथलिक बिशप, एकदा प्रोटेस्टंट, अशी पाळी लावून दिली. खरं कोण, हा वादच त्यांनी बाजूला ठेवला आणि जुनी नोंद उघडली. हे शहाणपण होतं की नुसता थकवा, मला ठरवता येत नाही. बहुधा थकवा.

रकाने बनवणाऱ्यांना मधली माणसं सोसत नाहीत, हे आपल्याकडेही घडलेलं आहे. १९११ च्या शिरगणतीत मुंबई इलाख्याच्या अधिकाऱ्याने मतिया कणबी, मोलेसलाम अशा काही समाजांना 'हिंदू-मुहम्मदन' या एका वर्गात टाकलं, कारण त्यांचे आचार दोन्हीकडचे होते. वरून कानउघाडणी आली: इकडे तरी लिहा नाहीतर तिकडे.

हे सगळं वाचल्यावर मी जवळजवळ नवं वाक्य तयार केलं होतं: धर्म म्हणजे सरकारी नोंद, बाकी काही नाही. जुन्याइतकंच टाळीबाज. पण तेही टिकलं नाही, एका मृतदेहामुळे.

कप्पाडोकियात उर्गुप नावाचं गाव आहे. तिथले ख्रिस्ती त्याला प्रोकोपी म्हणायचे. १७११ मध्ये एक रशियन सैनिक तुर्कांच्या हाती लागला आणि गुलाम म्हणून या गावात आला. तबेल्यात राहायचा, मालकाचे घोडे सांभाळायचा, धर्म बदलायला त्याने नकार दिला. १७३० मध्ये तिथेच वारला. पुढे लोक त्याला संत योहान रशियन म्हणू लागले. त्याची कुडी गावाने जपली, आणि त्याला मानणाऱ्यांत मुसलमानही होते असं सांगतात.

१९२४ मध्ये गाव उठलं. घरं, शेतं, विहिरी, पूर्वजांच्या कबरी, सगळं मागे ठेवून जायचं होतं. सोबत काय घ्यायचं याचा विचार प्रत्येक घराने केला असेल. गावाने मिळून त्या संताची कुडी उचलली. करारात त्याच्यासाठी कलम नव्हतं. तो ना तुर्की नागरिक, ना ग्रीक, दोनशे वर्षांपूर्वी मेलेला रशियन घोडेवाला. एव्हिया बेटावर त्यांना जागा मिळाली, तिथल्या गावाला त्यांनी आपल्याच गावाचं नाव दिलं आणि त्याला तिथे ठेवलं. अजून तिथेच आहे. ज्यांना शेजारी तुर्काचं बी म्हणायचे त्यांनी आणलेल्या त्या रशियनापुढे दर २७ मेला ग्रीसभरातून आलेल्या लोकांच्या रांगा लागतात.