४०-६२२ आणि ४०-६३५ : ग्रॅव्हल सायकलच्या टायरचा माझा अनुभव

ग्रॅव्हल सायकलचे, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणाऱ्या सायकलचे, दोन टायर बदलण्यासाठी मला ४० दिवस लागले. त्यांतले २७ दिवस चुकीच्या मापाचे टायर परत करण्यात गेले, आणि मापाच्या ज्या एका आकड्यामुळे (२८ × १.५०) हा सारा घोळ झाला तो आकडा त्या विक्रेत्याच्या पानावर आजही तसाच आहे, याचा मला अजून राग येतो. टायर कसे निवडावेत हे सांगण्याची इच्छा होतीच. पण हे लिहायला बसलो त्याचे खरे कारण तो आकडा आहे.

माझे सायकल चालवणे तीन प्रकारच्या जमिनीवर होते. रविवारी कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून निघून शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडायची, केर्लीवरून वाघबीळ गाठायचे, तिथून पन्हाळ्याचा चढ चढायचा आणि जमले तर पुढे मसाई पठारावर जायचे. पन्हाळ्यापर्यंतचे सुमारे २० किलोमीटर डांबरी आहेत, आणि पठारावर मात्र चाकाखाली उघडा जांभा येतो. आठवड्याच्या मधल्या सकाळी कामावर जाण्यापूर्वी आंबेवाडी-चिखलीकडच्या पाणंदींतून एक फेरी होते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्याखाली गेलेला हा भाग आहे. तिथली काळी माती ओली असली की टायरला नुसती लागत नाही, तर थरावर थर चढवत जाते आणि शेवटी टायर व फ्रेम यांच्यामधली जागा भरून चाक जागच्या जागी थांबते. जांभ्याचे दुखणे वेगळे आहे. त्याच्या कडा खरखरीत आणि धारदार असतात, आणि त्या टायरच्या तळाला फारसा त्रास न देता बाजूची पातळ भिंत कापतात. याशिवाय पाणंदीत बाभळीचे काटे बारमाही असतात आणि गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर पाचट आणि उसाच्या कांड्या पडलेल्या असतात.

म्हणून मी रुंदीपासून सुरुवात केली, आणि रुंदी ठरवण्यासाठी फ्रेम मोजली. उद्यमनगरात जिग-फिक्स्चरच्या कामात असल्यामुळे व्हर्निअर (बारीक मापे घेण्याचे साधन) हाताशी होता. मागच्या दोन दांड्यांमध्ये टायर जिथे सर्वांत रुंद असतो तिथे ५२ मिलिमीटर जागा भरली. कंपनीच्या माहितीनुसार या फ्रेममध्ये ४५ मिलिमीटरचा टायर बसतो, आणि तो बसेलही, परंतु मग दोन्ही बाजूंना साडेतीन मिलिमीटरच उरतात. काळ्या मातीत एवढी फट पहिल्याच शंभर मीटरांत बुजते. ४० चा टायर घेतला तर प्रत्येक बाजूला ६ मिलिमीटर राहतात, आणि ६ मिलिमीटरची ॲलन की (षटकोनी पाना) मधून सरकवून हे कोणालाही व्हर्निअरशिवाय तपासता येते. टायरवर छापलेली रुंदी आणि प्रत्यक्ष रुंदी एकच असते असेही समजू नये, कारण रिम आतून जितकी रुंद तितका टायर फुलतो. माझी रिम आतून २३ मिलिमीटर आहे आणि तिच्यावर ४० चा टायर आज ४१ भरतो.

नक्षीचा निर्णय त्यामानाने लवकर झाला. पॅनारेसरच्या ग्रॅव्हलकिंग एसकेवर लहान चौकोनी ठोकळे दाटीने बसवलेले असतात, श्वाल्बेच्या जी-वन मालिकेतील काही टायरांवर बारीक गोल ठिपके असतात, आणि काही टायर मध्ये जवळजवळ सपाट असून केवळ कडेला उंच ठोकळे ठेवतात. माझे निम्म्याहून अधिक अंतर डांबरावर जात असल्यामुळे मी हा शेवटचा प्रकार निवडला. ओल्या डांबरावर सपाट टायर घसरतो अशी समजूत सर्वत्र आहे, पण सायकलचा टायर अरुंद असतो, त्यात हवेचा दाब जास्त असतो आणि आपला वेगही मोटारीएवढा नसतो, त्यामुळे पाण्याच्या थरावर तो तरंगत नाही. तिथे पकड रबराच्या जातीवर अवलंबून असते. उलट पन्हाळ्याच्या उतारावर वळण घेताना मध्यभागी उंच ठोकळे असले की ते वाकतात आणि चाक किंचित हलल्यासारखे वाटते. मातीत आणि सुट्या मुरमात मात्र ठोकळे खरेच उपयोगी पडतात.

एवढे सगळे ठरवून मी ऑनलाइन मागणी नोंदवली. पानावर माप दिले होते ७०० × ४०सी, आणि त्याच्या शेजारी २८ × १.५०. ही दोन्ही मापे एकमेकांशी जुळणारी होती. पाचव्या दिवशी टायर आले. पहिला टायर रिमवर चढवायला घेतला आणि तो कोणत्याही हत्याराशिवाय, अंगठ्याचा जोरही न लावता आत गेला. नवा टायर इतक्या सहज कधीच बसत नाही. वरच्या बाजूला तो रिमला घट्ट धरून ठेवला तर खालच्या बाजूला बोटभर फट दिसत होती.

मला वाटले की टायरच ताणला गेलेला आहे. दुसऱ्या दिवशी चाक आणि टायर घेऊन लक्ष्मीपुरीतील एका जुन्या सायकल दुकानात गेलो. तिथल्या मिस्त्रींनी टायर हातात घेतला, कडेच्या तारेवरून एकदा अंगठा फिरवला आणि ते म्हणाले, “साहेब, ह्यो टायर दुधाच्या सायकलीचा हाय. ह्या रिमवर न्हाई बसायचा.” मग त्यांनी भिंतीला टेकवलेल्या, दांड्याच्या ब्रेकच्या काळ्या सायकलीच्या चाकावर तोच टायर धरून दाखवला. तो तिथे अगदी मापात होता.

घरी येऊन टायरच्या भिंतीवरचे उठावाचे आकडे नीट वाचले. तिथे २८ × १½ असे लिहिले होते, आणि त्याखाली अगदी लहान अक्षरांत ४०-६३५. दीडचे हे दोन प्रकार गणितात सारखे असले तरी सायकलच्या टायरमध्ये सारखे नाहीत. दशांशात लिहिलेला २८ × १.५० हा ६२२ मिलिमीटर व्यासाच्या रिमसाठी असतो, तर अपूर्णांकात लिहिलेला २८ × १½ हा ६३५ मिलिमीटरच्या रिमसाठी, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या उभ्या सायकलीसाठी असतो. व्यासात १३ मिलिमीटरचा फरक, म्हणजे घेरात सुमारे ४१ मिलिमीटर. याचे मूळ जुन्या फ्रेंच पद्धतीत आहे. तिच्यात ७०० हा आकडा टायरच्या बाहेरच्या व्यासाचा, आणि पुढचे अक्षर टायरच्या जाडीचे होते; टायर बदलला तरी बाहेरचा व्यास तेवढाच राहावा म्हणून प्रत्येक अक्षराची रिम वेगळी होती. ७००ए ची ६४२, ७००बी ची ६३५, ७००सी ची ६२२ आणि ७००डी ची ५८७. आज २९ इंची म्हणून विकले जाणारे डोंगरी सायकलचे टायरसुद्धा ६२२ चेच असतात. त्यामुळे इंचांवर विसंबून राहू नये. ईटीआरटीओ (टायर आणि रिमची मापे ठरवणारी युरोपीय संस्था) पद्धतीची जी दोन आकड्यांची जोडी टायरवर असते, तिच्यातला पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा रिमवर टायर जिथे बसतो त्या व्यासाचा असतो. मागणी नोंदवण्यापूर्वी ती जोडी विक्रेत्याकडून लेखी मागून घ्यावी. मी ती मागितली नाही, आणि पुढचे २७ दिवस त्यात गेले.

परतीच्या अर्जात कारणांची एक ठरावीक यादी होती : वस्तू खराब आहे, रंग वेगळा आहे, आकार लहान आहे, आकार मोठा आहे, नको आहे. चुकीचे माप पाठवले, असे सांगण्याची सोय कुठेच नव्हती. मी ‘आकार मोठा’ निवडले, तर दुसऱ्या दिवशी २६ इंची टायर घेण्याचा सल्ला आला. तिसऱ्या दिवशी अर्ज फेटाळला गेला. पाठवलेली वस्तू मागणीशी जुळते, एवढेच त्यात लिहिले होते. पुन्हा अर्ज केला आणि सोबत टायरवरच्या आकड्यांचे फोटो जोडले. ते अस्पष्ट आहेत म्हणून परत आले, आणि ही तक्रार खरीही होती, कारण काळ्या रबरावरचे काळे उठाव फोटोत दिसतच नाहीत. तेव्हा मुलीच्या दप्तरातला पांढरा खडू घेऊन त्या अक्षरांवर आडवा घासला आणि वरची धूळ बोटाने हलकेच पुसली. ४०-६३५ हे आकडे पाटीवर लिहिल्यासारखे उठून आले. हा फोटो पाठवल्यावर दोन दिवसांनी फोन आला आणि पलीकडच्या व्यक्तीने मला शांतपणे सांगितले की २८ इंच म्हणजेच ७००, आणि दीड म्हणजेच १.५०. मी रिमचा व्यास सांगत राहिलो आणि समोरून तेच वाक्य पुन्हा येत राहिले.

परतीच्या पहिल्या अर्जापासून तेराव्या दिवशी अखेर टायर न्यायला एक तरुण आला. त्याने पिशवी उघडली, टायरवर खडूचे डाग आणि कडेला रिमची पुसट खूण पाहिली, आणि वस्तू वापरलेली आहे असे नोंदवून तो निघून गेला. त्याला मी दोष देत नाही. त्याच्या मोबाइलवर जे विचारले होते त्याचे त्याने उत्तर दिले. मी ओल्या फडक्याने खडू पुसून काढला, पुन्हा विनंती केली आणि सोळाव्या दिवशी त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी थांबलो. कोणीही आले नाही. संध्याकाळी संदेश आला की ग्राहक पत्त्यावर उपलब्ध नव्हता. त्या संध्याकाळी मला जितका संताप आला तितका या संपूर्ण प्रकरणात कधी आला नव्हता, कारण तोपर्यंत समोरच्यांना माप समजत नाही असे मी धरून चाललो होतो. ही नोंद मात्र सरळसरळ खोटी होती.

काम झाले ते त्यानंतर. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे अशा प्रत्येक विक्री संस्थेला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचे नाव व संपर्क पानावर द्यावा लागतो, आणि त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देऊन महिन्याभरात तिचे निवारण करायचे असते. जाहीर केलेल्या वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकारही देता येत नाही. हे मला अठराव्या दिवशी समजले, ते पहिल्याच दिवशी समजायला हवे होते. त्या अधिकाऱ्याला मी एक पानाचे पत्र लिहिले आणि सोबत एकच चित्रफीत जोडली : पोलादी टेपने मोजलेला, टायर जिथे बसतो तिथला रिमचा घेर १९५.४ सेंटिमीटर, टायरच्या तारेच्या आतून दोरा फिरवून तो दोरा त्याच टेपवर ताणला तर १९९ सेंटिमीटरच्या पुढे, आणि शेवटी टायर रिमवर टाकून खाली दिसणारी फट. इंच, दशांश, अपूर्णांक यांतले काहीही त्यात घातले नाही. दोन दिवसांत पोच आली, चोविसाव्या दिवशी टायर गेले आणि सत्ताविसाव्या दिवशी पैसे खात्यात जमा झाले. तसे झाले नसते तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवण्याची माझी तयारी होती, आणि ज्याचे असे अडले असेल त्याने त्यासाठी माझ्याइतके दिवस थांबू नये.

नंतरचे टायर पुण्यातल्या एका दुकानातून मागवले. फोनवर मी फक्त ४०-६२२ एवढेच म्हणालो, आणि पलीकडून लगेच “हो, सातशे सी, ट्यूबलेस रेडी” असे उत्तर आले. पाच दिवसांत टायर हातात होते.

ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेला टायर, बसवताना घरच्या पंपाने हवा धरत नसेल तर व्हॉल्व्हचा आतला भाग काढून ठेवावा, कडेला साबणाचे पाणी लावावे आणि मोटारसायकलच्या पंक्चर दुकानातील कॉम्प्रेसर वापरावा. प्रेस्टा व्हॉल्व्हवर (सायकलच्या बारीक, लांब व्हॉल्व्हवर) बसणारा पितळी अडॅप्टर मात्र स्वतःचा न्यावा, कारण तो तिथे बहुधा नसतो. प्रत्येक टायरमध्ये मी ६० मिलिलिटर सीलंट (भोके आतून बुजवणारा द्रव) घालतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते लवकर सुकत असल्याने दर दोन महिन्यांनी उघडून पाहतो. माझे वजन ७४ किलो आहे. पन्हाळ्याच्या रस्त्यावर मी पुढे ३४ आणि मागे ३८ पीएसआय ठेवतो, आणि पठारावर चढण्यापूर्वी दोन्हीकडची सहा-सहाने कमी करतो. जांभ्यावर त्याहून कमी हवा ठेवल्यास रिम दगडाला लागते.

पाठीवरच्या पिशवीत एक ट्यूब आणि जुन्या टायरच्या भिंतीचा तळहाताएवढा तुकडाही असतो. काट्याचे भोक सीलंट आपले आपण बुजवते, पण जांभ्याने कापलेली भिंत त्याला बुजवता येत नाही. मसाई पठारावरच्या तिसऱ्या फेरीत माझा मागचा टायर असाच दीड सेंटिमीटर कापला गेला, तेव्हा तो तुकडा आतून लावून आणि ट्यूब घालून मी पन्हाळ्याचा उतार उतरून केर्लीमार्गे घरी पोहोचलो.