तीन मदरबोर्ड आणि एक कोरडा खड्डा

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बोटांना झिणझिण्या यायच्या. कित्येक वर्षं. पंखा थरथरत असेल, असं म्हणून मी सोडून दिलं होतं. पुढे जो खर्च सांगणार आहे, त्यातला बराचसा त्या झिणझिण्यांच्या खात्यावर मांडायचा आहे, हे तिसरा मदरबोर्ड गेल्यावर कळलं.

कुडाळजवळ आमच्या घराच्या पडवीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची आमंत्रणं, आंब्याच्या पेट्यांची लेबलं. मशीन २०१५ मध्ये जोडून घेतलेलं: आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा (म्हणजे मुख्य चिपचा) मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम. या कामाला तेवढं पुरे होतं.

पहिला बोर्ड ऑक्टोबर २०२३ मध्ये परतीच्या पावसात गेला. विजा चमकायला लागल्यावर मी सगळे प्लग काढले होते, पण इंटरनेटची लॅन वायर काढायची राहिली. ती खांबावरच्या डब्यातून दोन माडांवरून घरात आलेली. जवळच कुठेतरी वीज पडली, आणि राउटर, लॅन पोर्ट, बोर्ड असं सगळं एका फटक्यात गेलं. कोकणात राहून ही चूक केली म्हणजे बोलायची सोय नाही.

दुसरा कोल्हापूरहून मागवलेला वापरलेला एच८१, २,२०० रुपयांचा. सात महिन्यांनी प्रिंटरची केबल लावताना चट् असा आवाज झाला, दोन यूएसबी पोर्ट मेले आणि आठवडाभरात बोर्डानेही मान टाकली. तिसरा ‘नवा’ एच८१, ३,४०० रुपये. २०१३ सालचा चिपसेट २०२४ मध्ये नवाकोरा मिळतो कसा, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. जुन्या बोर्डांवरचे चिपसेट उतरवून नव्या पाटीवर बसवतात, हे एका दुकानदारानेच मला नंतर सांगितलं.

हा तिसरा एप्रिल २०२५ मध्ये आचके द्यायला लागला. अक्षय्य तृतीया ३० तारखेला, अकरा पत्रिका अर्ध्यावर, आणि मशीन दर तासाला आपोआप रीस्टार्ट. रॅम काढून रबराने घासली, बोर्डावरचा सेल बदलला. शेवटी बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवला आणि फक्त प्रोसेसर, पंखा आणि एक रॅम लावून चालू केला. तरी तेच. दुकानाने ‘जळालेल्या मालाला वॉरंटी नाही’ म्हणत हात वर केले.

आमच्या मेकॅनिकने मग एक शहाणपणाची गोष्ट केली. बोर्डाकडे न बघता त्याने एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पिवळ्या वायरला मल्टिमीटर लावला. १२ व्होल्टच्या जागी लोड असताना ११.१. पाच टक्के फरक चालतो, म्हणजे खाली ११.४ पर्यंत. हा डबा कॅबिनेटसोबत फुकट आलेला, आणि तीनही बोर्ड मी त्याच्याच जिवावर चालवले होते! झिणझिण्यांचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “ताई, आधी वायरमनला बोलवा. माझं काम नंतर.”

वायरमन आबांनी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मधे मीटर धरला. ४२ व्होल्ट. दोन-तीनच्या वर जाता नये. बाहेर जाऊन त्यांनी अर्थिंगच्या खड्ड्यात काठी खुपसली आणि म्हणाले, “वैनी, ह्यां अर्थिंग नाय, नुसती तार आसा. जमनीत पाणीच नाय, तर करंट जातलो खंय?”

आमची जमीन जांभ्याची. पावसाळ्यात ओली असते, मार्चनंतर खडखडीत, आणि कोरड्या जांभ्यातून वीज जमिनीत मुरत नाही. एसएमपीएसमधल्या फिल्टरचे कपॅसिटर थोडासा करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर सोडत असतात. तो अर्थिंगमधून निघून जायला हवा. वाट मिळाली नाही तर पत्र्यावर जवळजवळ निम्मा दाब तरंगत राहतो. करंट अगदी किरकोळ, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण माझा प्रिंटर आतल्या खोलीतल्या सॉकेटवर होता. यूएसबी लावली की दोन्हीकडचा फरक त्या बारीकशा पोर्टातून वाट काढणार. चट् आवाजाचा उलगडा झाला.

नवा खड्डा खणला. कोळसा, मीठ, जीआय पाइप, वर पाणी ओतायला नरसाळं. मीटर दोन व्होल्टवर आला. मग कुठे बोर्ड निवडायला बसले.

मेकॅनिकचं म्हणणं, आणखी एक एच८१ घ्या, प्रोसेसर आणि रॅम वाचेल. हिशोब बरोबर होता. पण विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपणार होता, आणि विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. माझा प्रोसेसर चौथ्या पिढीचा; त्याच्यासाठी चौथा बोर्ड घेणं माझ्या जिवावर आलं. एकदाच काय तो खर्च करायचा ठरवलं आणि कोकणकन्येने रात्री निघाले. सकाळी दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड.

पहिल्या दुकानात आय३-१२१००एफ स्वस्तात देऊ करत होते. त्या ‘एफ’चा अर्थ प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड घेतलं नाही तर स्क्रीन काळीच. साधा आय३-१२१०० घेतला. त्याला एच६१० चिपसेटचा बोर्ड पुरतो, पण एच६१० म्हणजे सगळे एक नव्हेत. काही डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे, आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. मला स्वस्त पडणारी डीडीआर४ हवी होती. माझ्या जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए, म्हणजे जुन्या पद्धतीची केबल, म्हणून मागे ते पोर्ट हवं. प्रोसेसरशेजारी वीज पुरवणाऱ्या भागावर हीटसिंक असलेला बोर्ड पाचशे रुपयांनी महाग होता. एप्रिलात पडवी किती तापते ते आठवलं आणि तोच घेतला. कंपन्या दोन उरल्या, तेव्हा विचारलं, “कोल्हापुरात सर्व्हिस सेंटर कोणाचं आहे?” जिचं होतं ती घेतली. बाकीची तुलना मी केली नाही.

पैसे द्यायच्या आधी मोबाइलच्या टॉर्चने बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या पिना बघितल्या. या बोर्डात पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाला असतात, आणि वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही. दुकानदार हसला. “मॅडम, सॉकेटचं हे काळं टोपण पण जपून ठेवा. बोर्ड परत पाठवायची वेळ आली तर मागतात.” ते अजून देव्हाऱ्याच्या खणात आहे.

बोर्ड ६,३००, प्रोसेसर ९,२००, १६ जीबी रॅम २,९००, आणि या वेळी नावाजलेला ४५० वॉटचा एसएमपीएस २,८००. आधीच्या दोन बोर्डांचे ५,६०० यात धरलेले नाहीत.

घरी जुनी एसएसडी लावली तर बूटच होईना. जुनं विंडोज मशीन सुरू करण्याच्या जुन्या, बायोस पद्धतीने टाकलेलं, आणि नव्या बोर्डाला यूईएफआय या नव्या पद्धतीशिवाय चालत नव्हतं. माझा अर्धा दिवस ‘हाही गेला’ या धास्तीत गेला. भाच्याने इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून ड्राइव्हची मांडणी जुन्या एमबीआरची नवी जीपीटी करून दिली, तेव्हा रात्री साडेअकराला स्क्रीन उजळली. फॉन्टसकट सगळं जागेवर होतं. अकरापैकी नऊ पत्रिका वेळेत गेल्या. दोन यजमानांनी व्हॉट्सॲपवर भागवलं.

आता इंटरनेट फायबरचं आहे आणि प्रिंटर कॉम्प्युटरच्याच स्विचबोर्डवरच्या सॉकेटवर. मार्च लागला की दर रविवारी त्या नरसाळ्यात दोन कळशा पाणी ओतते. सासूबाई पडवीतून बघतात. पहिल्यांदा त्यांनी विचारलं होतं, “थंय काय लावलंस गो? अजून कोंब दिसणा नाय.”